फणसाचं तूप

राजेश्वर : हे ते नाही, वर्षा.

वर्षाराणी : मंग काय हाय?

राजेश्वर : वांगं आहे. मी लिहिलं होतं ते फळ होतं. वरून हिरवं, आत लोण्यासारखं, मधे मोठी बी. आमच्या जहाजावरचा रमोन ते ठेचायचा आणि त्यात कांदा, मिरची, लिंबू घालायचा.

वर्षाराणी : हिरवं, मऊ, ठेचायचं, वर कांदा, मिरची, लिंबू. असलं चौसाळ्यात दुसरं काय मिळतं, तुमीच सांगा. पार बीडच्या मंडईपर्यंत जाऊन आले मी. फळवाला म्हनला, लोण्यासारखं फळ कशाला, लोणीच घ्या की बाई. मंग हिरवी वांगी आणली आन् विस्तवावर भाजली.

कल्याणराव : आन् लोक ताटली पुसून खायलेत. तू बी आत्ता दोन घास जास्तीचे घेतलेस. मी बघायलोय हितून.

राजेश्वर : भूक लागली होती, आप्पा. मुंबईपासून रात्रभर एस.टी.त बसून आलोय.

कल्याणराव : हाटेलात मानूस भूक लागली म्हनूनच येतो, बाबा.

राजेश्वर : पण मला कळवलं का नाही? चार वर्षं जहाजाच्या भटारखान्यात काढली. मनात एकच होतं, परत गेलो की हमरस्त्याला आपल्या दुकानाच्या बाजूला हॉटेल टाकायचं. तैवानच्या चेनचं आणि मेक्सिकोच्या रमोनचं, दोघांचं खाणं एका जागी. सगळ्या महाराष्ट्रात कुठं नसेल असं. आणि सकाळी एस.टी.तून उतरून बघतो तर तिथं बाकडी मांडलेली, आणि माझी बायको कमरेला पदर खोचून भाकरी थापतेय.

वर्षाराणी : दोन वर्षं झाली थापायलेय. कळवलं असतं तर तुमी म्हनला असता, थांब, मी येतो, मंग करू.

राजेश्वर : म्हणालोच असतो.

वर्षाराणी : म्हनूनच न्हाई कळवलं.

कल्याणराव : तिला बोलू नको. जागा मी दिली. किराणाचं दुकान अर्धं केलं, एस.टी.डी.चा फोन कोपऱ्यात सरकवला आन् पुढची पडवी हिला दिली. तुझ्या आईनं आन् मी इचार केला, पोरगी दिसभर समुद्राकडं तोंड करून बसली तर खुळी होईल. हितून समुद्र बी दिसत न्हाई. तवा एक अट मात्र घातली तिला. राजेश्वर आला की हाटेल त्याचं. तो म्हनंल तसं व्हायचं.

वर्षाराणी : आन् मी हो म्हनले होते. ते बी सांगते, लपवत न्हाई.

राजेश्वर : मग आता मी आलोय.

वर्षाराणी : आलाय. हात धुतले का?

राजेश्वर : वर्षा, मी चेष्टा करत नाही. ही भाकर बघ. रमोनची मक्याची असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, साल काढून वाटायचा. त्याला एक वास येतो, पावसानंतर भिंतीला येतो तसा. तो वास ह्यात कुठाय? ही ज्वारी आहे.

वर्षाराणी : निम्मी ज्वारी हाय. निम्मा मका हाय, चुन्यातलाच. तुमचं पत्र आलं त्याच हप्त्यात केलता मी. तुमी लिहिलं होतं, चुना घालावा. किती ते लिहिलं न्हाई. मामांच्या पानाच्या डबीतला सगळा चुना घातला. पहिल्या दिवशी सतरा माणसं जेवायला आली, सतरांच्या जिभा भाजल्या. विठ्ठलराव पोस्टमन तर चार दिवस मुक्यानंच टपाल वाटत होते. मंग चुना कमी केला. तर लोक म्हनायले, मका हाय का? मका आमी म्हशीला घालतो. त्यांचं बी बरोबर हाय, इकडं मका कोण खातं? मंग ज्वारी मिसळली. आता तेच लोक म्हनतात, वर्षाबाईची घडीची भाकर लई मऊ, काय घालते काय म्हाईत.

राजेश्वर : घडीची भाकर.

वर्षाराणी : घडी घालून खातात म्हनून घडीची. तुमी लिहिलेलं भाकरीचं नाव इकडं कुणाच्या तोंडात बसंना.

कल्याणराव : मला बी न्हाई आलं ते म्हनायला. जीभ अडकते.

राजेश्वर : आणि चहा? चेनच्या चहात साबुदाणा काळा असतो, हरभऱ्याएवढा. जाड नळीनं ओढायचा असतो.

वर्षाराणी : गुळाच्या पाकात शिजवला की तांबूस होतो. तेवढा चालतो. नळी न्हाई मिळाली, चमचा देते. सोमवारी या बघायला, बाकड्यावर जागा नसती. उपासाला चालतो ना. परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या जीपगाड्या हितं मुद्दाम थांबतात. परवा धर्मापुरीच्या एक बाई म्हनल्या, एवढं चांगलं कुणाला सुचलं? मी म्हनलं, तैवानच्या मानसाला. त्या म्हनल्या, तो बी सोमवार धरतो का?

राजेश्वर : चेन काही धरत नाही.

वर्षाराणी : मी सांगितलं, धरतो.

राजेश्वर : हेच ते, वर्षा. असं होत होत सगळं दुसरंच झालंय. तुझी मेहनत मला दिसत नाही असं नाही. तू एकटीनं उभं केलंस, मला अभिमान आहे त्याचा. पण खोट्याला खरं म्हणून विकायचं बरं नाही. मी खरं खाल्लंय. उद्यापासून कशाला, आजपासून मी चुलीवर बसतो. बॅगेत रमोननं दिलेलं भाकरी दाबायचं लोखंड आहे. तू आता आराम कर. दोन वर्षं केलंस, पुष्कळ झालं.

वर्षाराणी : आराम.

राजेश्वर : म्हणजे घरात बघ. आई पण आता थकली.

वर्षाराणी : सासूबाई न्हाई थकल्या. त्या धर्मापुरीला बहिणीच्या नातीच्या लग्नात नाचायल्यात. मामा, ऐकायलात ना?

कल्याणराव : ऐकायलोय.

वर्षाराणी : तुमचा शब्द हाय म्हनून मी गप हाय. पण एक सांगते, आन् मोठ्यानं सांगते. ही चूल मला पायजे. तुमी तिकडं होता तवा वर्षाला दोन पत्रं, कधी तीन. बाकीचे दिस मी हिच्याशी बोलले. आता तुमी आलात, मला आनंद झालाय, रात्री देवापुढं दिवा लावणार हाय. पण तुमी आलात म्हनून ही जाणार असंल तर मला वाईट वाटंल. लई वाईट वाटंल.

राजेश्वर : मी तुला हॉटेलातून काढत नाही. करायची पद्धत बदलतो.

वर्षाराणी : पद्धत तुमचीच हाय. तुमच्या पत्रातली हाय. थांबा. मामा, तो पितळी डबा द्या इकडं. हे बघा, नऊच्या नऊ पत्रं. तेलाचे डाग पडलेत, पण अक्षर दिसतंय. ह्यातलं एक बी मी सोडलं न्हाई.

कल्याणराव : हे बघ राजेश्वर, दुपारी बाराच्या आसपास सोलापूरकडून दोन ट्रक यायलेत. पाटोद्याकडची ऊसतोडीची माणसं, कारखान्यावरून घरी परतायलीत. भगवानराव मुकादमानं सकाळीच फोन करून सांगितलं, साठ माणसं हायत, मागच्या वर्षी खाल्लेलंच पायजे. सहा महिने पाल टाकून राहिलेली माणसं हायत. त्यांना रस्त्यात उपाशी ठेवून आपली इज्जत राहत न्हाई. तवा चुलीवर कोण बसायचं ते आत्ता ठरवा.

राजेश्वर : मागच्या वर्षी काय खाल्लं होतं त्यांनी?

वर्षाराणी : वाफेचा पाव. आत फणस.

राजेश्वर : फणस?

वर्षाराणी : असं काय बघायलात? चेनचा पाव. तुमीच लिहिलंय की. वाचून दाखवते. "चेनचा पाव वाफेवर फुगतो, पांढरा, कापसासारखा. त्याची घडी घालून आत फणसाच्या फोडी ठेवतात. वर शेंगदाण्याचा कूट, कोथिंबीर, आंबट पाला. मग रमोन येतो आणि चेनची नजर चुकवून त्यात भाजलेल्या टोमॅटोचा ठेचा घालतो. दोघे भांडतात. पण खलाशी तसाच मागतात."

राजेश्वर : हो. ते तसंच होतं. खरंच भांडायचे. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण भांडताना काही अडायचं नाही. वादळात एकदा दोघांच्या परातीच एकात एक सांडल्या, तिथून ते सुरू झालं. बरं, ते ठेव आता.

वर्षाराणी : ठेवते कशाला? पुढं तर ऐका. "फणस मंद आचेवर दोन तास शिजवावा, त्याचं तूप सुटेपर्यंत. वरची साल कुरकुरीत झाली पाहिजे. साल मऊ राहिली तर चेन जेवत नाही."

राजेश्वर : वर्षा, पुरे.

वर्षाराणी : पुरे कसं? बीडमध्ये फणसाचं झाड दाखवा मला. तात्याबा डायवर कांदा घेऊन कोकणात जातो, त्याच्या हातापाया पडून कच्चे फणस आणवले. त्याचा चीक हाताला चिकटला, आठ दिवस निघंना. दोन तास शिजवला. तूप सुटंना. चार तास शिजवला. तूप सुटंना. मला वाटलं माझंच काईतरी चुकायलंय. तीन दिवस, तीन फणस, मी पातेल्यात वाकून बघायले, आता सुटंल, मंग सुटंल. आन् साल. काटे तासून साल तळली. भगवानराव मुकादमाच्या घशात अडकली, पाठीत बुक्क्या घालून काढावी लागली. तवा साल सोडून दिली. आन् तूप सुटत न्हाई म्हनून वरून घरच्या लोण्याचा गोळा टाकला, जरा गूळ, जरा आमसूल. आंबट पाला म्हनून अंबाडी. ते जमलं. आता तुमी आलात, तर मला तेवढंच सांगा. फणसाचं तूप कसं काढायचं?

राजेश्वर : आप्पा, तुम्ही जरा दुकानात बसता का?

कल्याणराव : दुकानातच बसलोय.

राजेश्वर : आत.

कल्याणराव : हितून चांगलं ऐकू येतं.

वर्षाराणी : काय झालं? चेहरा कशानं उतरला तुमचा?

राजेश्वर : तो फणस नव्हता.

वर्षाराणी : मंग काय होतं?

राजेश्वर : डुक्कर.

वर्षाराणी : काय?

राजेश्वर : चेन डुकराचं करायचा. त्याचं तूप सुटतं, त्याची कातडी कुरकुरीत होते. रमोन कधी कोंबडीचं, कधी दुसऱ्या कशाचं. पत्रात मी काय लिहिणार होतो? दिवेलागणीला आप्पा मोठ्यानं पत्र वाचणार, आई पुढं बसणार, शेजारची छबुबाई, विठ्ठलराव, सगळी ऐकणार. आपल्या लिंगायताच्या घरात ते नाव तरी निघालंय का कधी? जहाजावर मंगळूरचा एकजण होता. तो म्हनायचा, कच्चा फणस शिजवला की मटणासारखा दिसतो. मंग जिथं जिथं मांस होतं तिथं मी फणस लिहिलं. कोण करून बघणार हाय, असं वाटलं. तुमाला वाचून मजा वाटावी एवढंच होतं माझ्या मनात.

वर्षाराणी : मी करून बघितलं.

राजेश्वर : तू करून बघितलंस.

कल्याणराव : मला ठाऊक होतं.

राजेश्वर : काय ठाऊक होतं, आप्पा?

कल्याणराव : ज्याचं तूप सुटतं असं झाड मी अजून बघितलं न्हाई. चाळीस वर्षं किराणा विकायलोय. पहिल्याच पत्राला वळखलं.

राजेश्वर : मंग वाचायचं थांबवलं का न्हाई?

कल्याणराव : तुझी आई म्हनली, बरं झालं, पोराला समुद्रात फणस तरी मिळायलाय. तिच्या तोंडाकडं बघितलं आन् पुढची ओळ वाचली.

वर्षाराणी : मामा, तुमाला ठाऊक होतं? आन् मी तीन दिस तूप सुटायची वाट बघायले, तुमी समोर बसून पान लावायलात?

कल्याणराव : दोनदा सांगायला तोंड उघडलं, पोरी. पण तू अशी लागली होतीस त्याच्या मागं. मला वाटलं, हिला हिचं हिला सापडू दे. आन् लोण्याचं तुझं तुला सुचलंच की.

वर्षाराणी : मला राग आलाय. तुमचा बी आन् ह्यांचा बी. हसू बी यायलंय, पण आधी राग संपू दे.

कल्याणराव : राजेश्वर, एकच इचारतो. खाल्लंस?

राजेश्वर : भटारखान्यात चव बघावी लागती. जिभेवर ठेवून थुंकायचो. दोन-तीनदा न्हाई थुंकलं.

कल्याणराव : आन् गळ्यातलं लिंग?

राजेश्वर : एक दिस काढलं न्हाई. पूजा चुकली असंल, लिंग न्हाई काढलं.

कल्याणराव : बरं.

राजेश्वर : रागवा ना, आप्पा. मी तयार हाय.

कल्याणराव : तवाच रागावून घेतलं मनात. दोन रात्री झोप आली न्हाई मला, खोटं कशाला बोलू? खाल्ल्याचं वाईट वाटलंच. पण त्याच्याहून वाईट हे वाटलं, की एवढ्या लांबून बी पोरगं आपल्याला भ्यायलंय. मंग म्हनलं, भ्यालं न्हाई, मन राखायलंय. मन राखणाऱ्याला किती रागवायचं? पत्राची घडी घातली आन् डब्यात ठेवलं. आता तो विषय झाला. तुझ्या आईपुढं काढू नको.

राजेश्वर : न्हाई काढत.

वर्षाराणी : माझा विषय न्हाई झाला. अकरा वाजत आलेत. साठ माणसं वाटंत हायत. तुमी म्हनलात, आजपासून खरं करायचं. खऱ्यात तर डुक्कर हाय. मामांच्या पडवीत करणार?

राजेश्वर : न्हाई. तसलं न्हाई करणार.

वर्षाराणी : मंग ते काढलं तर खऱ्यातलं काय राहतं?

राजेश्वर : पत्रात लिहिलेलं.

वर्षाराणी : म्हंजे फणस.

राजेश्वर : म्हंजे फणस.

वर्षाराणी : फणस कवा शिजवलाय तुमी?

राजेश्वर : कधीच न्हाई. बघितला बी न्हाई नीट. मंगळूरवाल्यानं सांगितलेला तेवढाच.

वर्षाराणी : मी दोन उन्हाळे शिजवलाय. चीक कसा धरायचा, तेल कुठं लावायचं, किती कोवळा घ्यायचा, सगळं मला येतं. फणस नसतो तवा सुरण घेते, ते बी येतं. आता बोला.

राजेश्वर : काय बोलू? तुला येतं.

कल्याणराव : मी अट घातली होती, राजेश्वर आला की त्याच्या म्हनण्यानं व्हायचं. त्यानं म्हनलं. मी ऐकलं. आता मला पान लावू द्या.

राजेश्वर : थांबा आप्पा. मला नीट म्हनू द्या. वर्षा, चूल तुझी. पद्धत तुझी. मी सकाळपासून जे बडबडलो ते मागं घेतो. येताना सगळ्या रस्त्यानं मी घोकत आलतो, गेल्यावर सगळ्यांना काय काय दाखवीन म्हनून. आन् हितं दाखवायला काई राहिलंच न्हाई. त्याचा जरा त्रास झाला मला. तेवढंच होतं.

वर्षाराणी : तेवढं झालं तर होऊ द्या. मला बी तुमी उतरल्या उतरल्या वांगं हाय म्हनलात त्याचा त्रास झालाय. दोघांचं फिटलं.

राजेश्वर : मी करू काय आता?

वर्षाराणी : ते लोखंड कुठाय म्हनलात, दाबायचं?

राजेश्वर : बॅगेत.

वर्षाराणी : काढा. साठ माणसांना पाव पुरत न्हाई, प्रत्येकाला दोन-दोन घडीच्या भाकरी बी लागतात. गेल्या साली माझे दंड दुखून आले होते. पीठ मळून ठेवलंय. तुमी दाबायचं, मी भाजायचं. गोल आली पायजे, तुमच्या त्या रमोनला शोभंल अशी.

राजेश्वर : त्याची कडेला फाटायची. माझी कधी फाटली न्हाई.

वर्षाराणी : बघू ते. पण आधी हे खा. आत्ताच वाफेतून काढलाय.

राजेश्वर : फणसाचा?

वर्षाराणी : मंग कशाचा?

कल्याणराव : घाई करू नको. पहिला घास गरम असतो.

(राजेश्वर पाव खातो. उभ्यानंच खातो, सगळा खातो.)

वर्षाराणी : दोन वर्षांत मी कुणाला इचारलं न्हाई, बरोबर झालंय का. ज्यांना इचारायचं त्यांनी हे कधी खाल्लंच नव्हतं. तुमी एकटेच, ज्यांनी ते बी खाल्लंय आन् हे बी. म्हनून इचारते. खरं सांगा. मन राखू नका.

राजेश्वर : चेनचं असं नसतं.

वर्षाराणी : बरं.

राजेश्वर : रमोनचं बी असं नसतं. दोघांचं मिळून बी असं कधी झालं न्हाई. मी सतरा बंदरं फिरलो, वर्षा. असं मी कुठंच खाल्लं न्हाई.

वर्षाराणी : हे चांगलं म्हनायलात का वाईट?

राजेश्वर : दुसरा दे.

कल्याणराव : ट्रकवाल्यांचं हाय ते. त्यांचं झाल्यावर घे.

वर्षाराणी : असू द्या मामा, पीठ हाय अजून. घ्या हो तुमी. आन् एक काम करा. उद्या सवडीनं बसून त्या दोघांना पत्र लिहा. चौसाळ्याला हे कसं करतात ते सगळं कळवा. लोणी, गूळ, अंबाडी, सगळं. आन् ह्या बारीला काई बदलून लिहू नका.

राजेश्वर : लिहिलं असतं. पण त्यांना मराठी येत न्हाई.

वर्षाराणी : मला तरी कुठं त्यांचं येत होतं.